१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या काचेच्या निगेटिव्ह घरच्या स्कॅनरवर डिजिटाइझ करता येतील का?

येतील, पण स्कॅनरला पारदर्शक निगेटिव्हसाठी झाकणातला दिवा हवा.

आधी बाजू ओळखा: चकाकते ती काच, मंद दिसते ते इमल्शन, म्हणजे चित्र असलेला थर. नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यातून काच सटकते आणि सुटलेल्या पापुद्र्यांत धागा अडकतो. काचेची बाजू किंचित ओलसर कापडाने पुसता येते. इमल्शनला पाण्याचा थेंबही नको, रबरी फुग्याने धूळ उडवली की पुरे.

काचेवर काच टेकली की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात, म्हणून कडांखाली जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवा. इमल्शनची बाजू वरच्या दिशेला ठेवा. खाली केलंत तर दुकानांच्या पाट्या उलट्या येतील. तडकलेली प्लेट स्कॅनरवर नकोच. लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) सपाट ठेवून कॅमेऱ्याने टिपा.

५ बाय ७ इंची प्लेट १२०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल), १६-बिट ग्रेस्केलमध्ये साधारण १०० एमबीची टिफ (TIFF) फाइल होते. मूळ फाइलवर शार्पनिंग करू नका. कडा तर अजिबात कापू नका, अनुक्रमांक बहुधा तिथेच खरवडलेला असतो. जुनं पाकीटही स्कॅन करा.

तारखेत खरी गफलत होते. भूकंप १८ एप्रिलला पहाटे ५.१२ चा, आग २१ पर्यंत चालली. त्यामुळे नुसतं ‘भूकंपाची हानी’ लिहू नका. इमारत पडलेली दिसते की जळलेली, तेही नोंदवा. आग पोहोचण्याआधीचे फोटो जास्त मोलाचे.

प्लेटा आम्लमुक्त पाकिटांत, लांब कडेवर उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या की खालची तडकते.