आधी मधला स्पीकर

प्रश्न : आमचा हॉल १४ बाय ११ फुटांचा आहे, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. भावाने त्याचा जुना ५.१ रिसीव्हर दिलाय, आता स्पीकर घ्यायचेत. बजेट ८० हजार. दुकानदार म्हणतो, समोर दोन टॉवर घ्या, बाकीचे लहान चालतील. आईला टीव्हीवरचे संवाद नीट कळत नाहीत. काय घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आईंबद्दलचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करतो. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल बेससाठीचा एक सबवूफर अशा रचनेत, बहुतेक संवाद टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून येतात. टॉवरवर, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरवर, पैसे संपवले आणि मधला साधा घेतला, तर आईंची अडचण जाणार नाही.

माझ्या पहिल्या सेटमध्ये समोरची जोडी एका कंपनीची आणि मधला दुसऱ्याच कंपनीचा होता, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. पडद्यावरचा माणूस बोलत बोलत डावीकडून मधे आला की त्याला सर्दी झाल्यासारखा आवाज यायचा. म्हणून समोरचे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. बाजूचे दोन थोडे हलके असले तरी चालतात.

आई कुठे बसतात? मधोमध बसत असतील तर सेंटरला, म्हणजे मधल्या स्पीकरला, कुठलाही चांगला आडवा चालेल. बाजूच्या खुर्चीत बसत असतील तर मात्र जपा. मधे ट्वीटर (बारीक आवाजाचा भाग) आणि दोन्हीकडे एकेक वूफर (जाड आवाजाचा भाग) अशा आडव्या स्पीकरचा आवाज बाजूला बसलेल्याला पातळ ऐकू येतो. त्यापेक्षा समोरच्या जोडीसारखाच तिसरा बुकशेल्फ (फळीवर मावणारा लहान स्पीकर) टीव्हीखाली उभा मावत असेल तर तो ठेवा. कपाटात आत ढकलू नका. कडेपर्यंत पुढे आणा आणि तोंड कानाच्या दिशेने किंचित वर करा.

टॉवर नकोतच. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (कुठून खालचा आवाज सबवूफरकडे द्यायचा ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवला की त्याखालचा बेस सबवूफर सांभाळतो, आणि ११ फुटी खोलीत भिंतीजवळचे टॉवर घुमतात. ५-६ इंची वूफरचे बुकशेल्फ पुरेत. रिसीव्हरच्या मागे स्पीकरसाठी किमान किती ओहम (विद्युत विरोधाचं माप) लिहिलंय ते आधी बघा. ६ लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर जोडू नका.

बाजूचे दोन स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवर, डोक्याशी लावू नका. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बसल्यावर कानाच्या जरा वर लावा. सबवूफरची जागा शोधायला तो तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस न घुमता स्वच्छ ऐकू येईल, तीच त्याची जागा.

दुकानात जाताना आईंना न्या. मारामारीचे सीन ऐकू नका, मराठी नाटकाचं रेकॉर्डिंग लावायला सांगा. ‘स’, ‘श’, ‘च’ वेगवेगळे कळतात का, हे त्यांनाच विचारा. घरी आल्यावर सेटिंगमध्ये सेंटरचा आवाज २-३ डेसिबलने वाढवून ठेवा.