रब्बी : शेतातला आणि सिनेगॉगमधला

प्रश्न असा आहे : 'रब्बी हंगाम' आणि ज्यूंचे 'रब्बी' यांत काही नातं आहे का? आणि मराठी ज्यू आपल्या धर्मगुरूला रब्बीच म्हणतात का?

नातं काडीचंही नाही. पिकाचा शब्द अरबी 'रबीअ', म्हणजे वसंत. तो फारसीमार्गे आपल्याकडे आला. वसंतात हाती येतं ते रबी, शरदात येतं ते खरीप. पेशवाईतल्या पत्रांवर 'रबिलावल', 'रबिलाखर' असे महिने दिसतात, त्यांतला रबी हाच. यात ब एकच. दुसरा आपण जिभेच्या सोयीने जोडला.

ज्यूंच्या शब्दात मात्र दोन्ही ब मुळातले. हिब्रू 'रव' (मूळ धातू र-ब-ब) म्हणजे मोठा, म्हणून गुरू; शेवटचा 'ई' म्हणजे 'माझा'. अरबीतला ईश्वरवाचक 'रब' याचा सख्खा भाऊ. तेव्हा रब्बी ही मुळात हाक आहे, 'माझे गुरू' अशी. 'आमचे गुरू' म्हणायचं तर 'रब्बेनू'. समुद्र दुभंगून लोकांना पार नेणाऱ्या मोशेला परंपरेने पदवी दिली ती 'मोशे रब्बेनू', म्हणजे आमचे मास्तर! मला हे फार आवडतं.

म्हणूनच वर्तमानपत्रात 'ज्यू पुजारी' वाचलं की खटकतं. पौरोहित्य 'कोहेन' घराण्यांकडे, तेही जन्माने. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, बळी थांबले आणि धर्माचा भार अभ्यासावर व प्रार्थनेवर आला. रब्बींचं वजन वाढलं ते त्यानंतर. रब्बी शिकून होतात. खाण्यापिण्याचे नियम, शब्बाथ (शनिवारची पवित्र सुट्टी), लग्न, घटस्फोट यांवर निर्णय देतात. सामुदायिक प्रार्थनेचं मात्र त्यांच्यावाचून अडत नाही. तिला 'मिन्यान' लागतो, म्हणजे जुन्या रीतीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष. नऊच जमले तर समोर केवढाही विद्वान रब्बी बसलेला असो, दहाव्याची वाट बघायची.

आता आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या रब्बी नव्हतेच. लग्नं लावणं, तंटे सोडवणं हे काम 'काझी' करत. त्यांना धर्म शिकवणारे दावीद राहाबी यांनी तीन शिष्य तयार केले आणि त्यांच्या घराण्यांत काझीपण चाललं, असं परंपरा सांगते. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना चालवतो तो 'हझान'. हा शब्द आजही चालू आहे. खुद्द सिनेगॉगला म्हणायचे 'मशीद'. मुंबईत 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं शाआर हारहमीम 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं जाई, आणि पुण्याचं ओहेल दावीद अजून 'लाल देऊळ' आहे. काझी, मशीद, देऊळ : शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचललेले शब्द, धर्म मात्र स्वतःचा. घरच्या 'मलिदा' या आभाराच्या विधीलाही कुणी रब्बी लागत नाही. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं मांडायची आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, नाव घ्यायचं.

लिहिताना माणसासाठी आदरार्थी बहुवचन वापरा : 'रब्बी म्हणाले', 'रब्बींनी सांगितलं'. पिकासाठी जमलं तर एक ब गाळून 'रबी' लिहा. पण 'रब्बीचं क्षेत्र घटलं' असा मथळा दिसला, तर बहुधा पाऊस कमी झालेला असतो.