शनिवार-रविवार गावातच काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या सुदामानगरातून थेट दक्षिण जर्मनीत, श्वेबिश आल्बच्या डोंगराळ भागातल्या पाच-सहा हजार वस्तीच्या गावी नोकरी मिळालीये. बरोबर मिसेस आणि तीन वर्षांची मुलगी. गावात एकही भारतीय नाही. मग तिथे राहावं, की श्टुटगार्टला घर घेऊन रोज ये-जा करावी?

त्याच भागात, तेवढ्याच गावात बरीच वर्षं काढून मी आता इंदूरला, रामबागेत परत आलेय. घर गावातच घ्या. आणि निदान पहिलं वर्ष शनिवार-रविवार गाव सोडू नका. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पाच दिवस कारखाना, शुक्रवारी संध्याकाळी आगगाडीत बसायचं, दोन दिवस आपल्या लोकांत पोहे-शेव खायची आणि रविवारी रात्री तोंड पाडून परत. मग वर म्हणायचं, गावातले लोक बोलतच नाहीत. अहो, ते बोलणार कधी? तिथे जे काही घडतं ते शनिवारी. सकाळी आठवडी बाजार, मग जुनं सामान आणि पुठ्ठे टाकायला वेर्टश्टोफहोफवर रांग (अर्ध्या गावाच्या गप्पा तिथेच होतात), दुपारी मैदानावर पोरांची मॅच. उन्हाळ्यात अग्निशमन दलाची जत्रा. हे दल म्हणजे सरकारी नोकर नव्हेत बरं का. लहान गावांत आग विझवायला जातात ते सुतार, शिक्षक, बेकरीवाला असे गावातलेच स्वयंसेवक. त्यांच्या जत्रेत बाकावर जाऊन बसलात की शेजारचा माणूस स्वतःहून विचारतो, कुठल्या घरात राहता म्हणून. उत्तर त्याला आधीच माहीत असतं, तो भाग वेगळा.

रविवार मात्र जड जातो. रात्री बारा वाजता इंदूरच्या सराफ्यात, खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्या माणसाला तर फारच. दुकानं कायद्यानेच बंद. पेट्रोल पंप, मोठी रेल्वे स्टेशनं आणि थोडा वेळ बेकरी, एवढंच उघडं. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा आणि रविवारी त्यांच्यासारखे जंगलात चालायला जा. वाटेत भेटेल त्याला ‘ग्रुस गॉट’ म्हणायचं. ओळख नसली तरी म्हणायचं. न म्हणणारा लक्षात राहतो.

आता मिसेसबद्दल, कारण तुम्ही कारखान्यात माणसांत असाल, त्या नसतील. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपातला नोकरीचा परवाना) जात असाल तर व्हिसासाठी त्यांना जर्मनची परीक्षा लागत नाही. म्हणून शिकायचं टाळू नका. इंदूरहून निघायच्या आधीच दोघांनी ए-१, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, करून घ्या. पुढे तुम्ही बी-१, म्हणजे मधली पायरी, गाठलीत तर कायम वास्तव्याचा परवाना २७ ऐवजी २१ महिन्यांत मागता येतो. क्लासमध्ये शिकलेलं जर्मन आणि गावातलं श्वेबिश, म्हणजे तिथली बोली, यांत अंतर आहे, पहिले काही महिने काही कळणार नाही, घाबरू नका.

भाषा येईपर्यंत काय? गावातल्या क्रीडामंडळात आई-बाबा आणि लहान मुलांचा कसरतीचा तास असतो. तिथे बोलावं लागत नाही, मुलीमागे पळावं लागतं. मिसेसच्या ओळखी सगळ्यात आधी तिथे होतील, त्यानंतर बालवाडीच्या दाराशी. बालवाडीत जागा हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागांची ओढाताण असते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावाच लागतो (घरमालकाचं सहीचं पत्र लागतं), त्याच फेरीत बालवाडीचा अर्ज द्या. बालवाडीच्या जत्रेला प्रत्येक घरातून केक मागतात. रव्याचा न्या. लसणाची शेव पुढच्या वर्षी.

कचऱ्यात आपण हुशार. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराची माणसं, ओला-सुका हाताला वळण आहे. तिथे फक्त डबे जास्त आणि ते उचलायच्या तारखा ठरलेल्या. त्या भागात केरवोख नावाचा प्रकार आहे: जिना आणि दारापुढचा फुटपाथ झाडायची आठवडेवारी पाळी. दाराला पाटी लटकली की तुमचा आठवडा. शेजाऱ्यांची नजर पहिल्यांदा यावरच जाते, तेव्हा इंदूरचं नाव राखा. आणि फोडणी दिली की जानेवारीतही खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. दमट घरात भिंतीला बुरशी धरते आणि तो खर्च भाडेकरूच्या गळ्यात पडू शकतो.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नका. तुर्की दुकानात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, डाळी मिळतात. क्वार्क, म्हणजे तिथलं मऊ ताजं चीज, आपल्या चक्क्याच्या इतकं जवळ आहे की श्रीखंड इथल्यापेक्षा सोपं पडतं. जास्त स्निग्धांशाचं घ्या आणि फडक्यात टांगा. इथून जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) न्या, शेव न्या. पेढे, मावा, तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

गाडीचं आधीच बघा. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते. डोंगरातल्या गावात संध्याकाळनंतर बसचं काही खरं नसतं, म्हणून पोचल्या पोचल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाला.

आईंना कधी नेऊ, असंही विचारलंत. पर्यटक व्हिसावर ९० दिवस मिळतात, निदान ३०,००० युरोचा आरोग्यविमा काढावा लागतो. मे-जूनमध्ये न्या. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तुम्ही कामावर, आणि आई खिडकीत बसून इंदूरला फोन लावत राहतील.