रोमला पहिल्याच दिवशी कोलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही होईल का?

तुम्ही विचारलंय की 22 मुलांचा आर्किटेक्चरचा ग्रुप मे महिन्यात रात्री रोमला पोहोचेल, तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे फिरायच्या पहिल्याच दिवशी, कोलोसियम आणि व्हॅटिकन उरकता येईल का. येईल. पण करू नका. 2019 च्या मेमध्ये आमच्या कॉलेजच्या टूरवाल्याने नेमका हाच बेत आखला होता. आमच्या सरांनी तो आदल्या रात्री मोडला, म्हणून मला त्या दिवसाचं अजून काहीतरी आठवतंय.

मेमध्ये रोमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. त्यामुळे पहाटे चारला सगळी पोरं टक्क जागी होती. सरांनी साडेपाचलाच बाहेर काढलं आणि ट्रेव्हीचं कारंजं आम्हाला जवळपास रिकामं मिळालं. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. कारंजं 1762 सालचं, पण त्यात येणारं पाणी ज्या पाटाचं आहे तो रोमन सेनापती अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी 19 मध्ये बांधला. मधे डागडुजी झाली, तरी पाट तोच.

तिथून दहा मिनिटं चालत पँथिऑन, हे प्राचीन रोमन देऊळ. दर्शनी भागावर पुन्हा अग्रिप्पाच! 'हे मार्कस अग्रिप्पाने बांधलं' असं ठळक कोरलंय. प्रत्यक्षात त्याची इमारत जळाली आणि आजची सम्राट हेड्रियनच्या काळातली, साधारण इ.स. 126 ची, नाव मात्र जुन्याचंच ठेवलं. (आपल्याकडे पाणपोईवरही देणगीदाराचं नाव बदलतं.)

इथे किमान दीड तास द्या. घुमटाचा व्यास 43.3 मीटर, जमिनीपासून उंचीही तितकीच, आणि आत सळई नावालाही नाही. काँक्रीटमध्ये खाली जड दगड, वर जाताना हलका होत गेलेला, माथ्याशी तर प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोलघुमट पाहिला होता. तिथे चौरसावरून गोलावर यायला एकमेकींना छेदणाऱ्या कमानी लागतात; इथे खालची भिंतच गोल, म्हणून तो प्रश्नच येत नाही. माथ्यावर सुमारे 9 मीटरचं उघडं भोक आहे. पाऊस आत येतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. सरांनी आम्हाला भिंतीशी बसवलं, मोबाइल आत ठेवायला लावले आणि फक्त कवडसा काढायला सांगितला. घुमटाच्या आतल्या खोलगट चौकटींपैकी सगळ्यात खालच्या रांगेवर असलेला तो प्रकाशाचा गोळा पाऊण तासात भिंतीवर उतरला. माझी स्केचबुकं पुढे बरीच हरवली, ते पान आहे. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश फुकट होता. जुलै 2023 पासून तिकीट आहे, सुरुवातीला ते 5 युरोंचं होतं.

दुपारी पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात, तो घ्या, स्वस्त पडतो. काउंटरवर 'सुप्ली' दिसेल. आमची शाकाहारी मंडळी बटाटावडा समजून धावली होती. तो भाताचा असतो आणि आत बहुधा मांसाचा रस्सा. पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहतात, पाणी पिण्याचं आहे. तोटीला बोट लावलं की वरच्या छिद्रातून धार उडते.

बूट जुने, पायात बसलेले घाला. रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, नव्या बुटांनी आमच्या दोघी दुपारीच लंगडायला लागल्या. बसचं तिकीट नुसतं जवळ असून चालत नाही, चढल्यावर मशीनमध्ये शिक्का मारावा लागतो. आमच्या दोघांनी मारला नाही आणि खिशातून दंड भरला. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध जिन्यावर बसायचं नाही, त्यालाही दंड आहे.

संध्याकाळी कॅपिटोलच्या टेकडीवर जा. वरचा चौक मायकेलअँजेलोने आखलेला आहे, पण आधी त्याच्या मागे जाऊन कठड्याशी उभे राहा. खाली अख्खा फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, पसरलेला आणि पलीकडे कोलोसियम, तेही बिनतिकिटाचं. आमच्या सरांनी तिथेच उद्याचं तिकीट दाखवलं. त्यानंतर काही ठेवू नका. आठ वाजता जेवायला बसलो तेव्हा घरी साडेअकरा झाले होते आणि एक पोरगा पास्त्याच्या ताटासमोर बसल्या बसल्या झोपला.