फोन खिशात गेला की फाइल थांबते

प्रश्न : त्र्यंबक आणि दिंडोरी तालुक्यांतील वृद्ध बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आमच्या गटाने ध्वनिमुद्रित केल्या आहेत. मधे कोणाचा सर्व्हर नको, म्हणून पंचवटी, सातपूर आणि नाशिकरोडच्या आम्ही पाच जणी फोनवर टॉरेंटचे, म्हणजे एकमेकींच्या उपकरणांतून थेट तुकड्यातुकड्यांनी फाइल घेण्याचे, ॲप चालवतो. पडदा बंद होऊन थोडा वेळ गेला की फाइल येणे थांबते आणि बॅटरी दुपारीच संपते. आमचे काय चुकते?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : तुमचे काही चुकत नाही. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट (टॉरेंटमागचे तंत्र) आणले, तेव्हा डोळ्यांसमोर होते ते तासन्‌तास चालू राहणारे संगणक. फोनचा स्वभाव उलटा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून, चार्जरला न जोडलेला फोन पडदा बंद करून टेबलावर नुसता पडून राहिला, तर बॅटरी वाचवण्यासाठी तो ॲप्सचे इंटरनेट तोडतो आणि मधूनमधून क्षणभरच जोडतो; पुढच्या आवृत्तीपासून खिशातल्या, हलत्या फोनलाही याचा सौम्य प्रकार लागू झाला. सेटिंग्जमध्ये त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळता येते, मात्र मग बॅटरी आणखी लवकर उतरते. आयफोनवर तर पार्श्वभूमीत असे ॲप फार काळ चालूच देत नाहीत.

दुसरी अडचण दिसत नाही, पण तीच मोठी आहे. मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, देतात. त्यामुळे तुमचा फोन बाहेर हाक मारू शकतो, पण बाहेरून आलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि दोन्ही टोकांना असेच फोन असले तर जोडणी जुळणे फार कठीण जाते.

म्हणून एखादीच्या घरी जुना लॅपटॉप ब्रॉडबँडला जोडून कायम चालू ठेवा आणि फोन रात्री, चार्जिंगला लावून, वाय-फायवरच जुळवा. टॉरेंटपेक्षा सिंकथिंग हे फाइल जुळवणारे सॉफ्टवेअर घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात एकमेकींनी मंजूर केलेल्या उपकरणांमध्येच फाइल फिरते, आणि थेट जोडणी जमली नाही तर ती मधल्या रिलेमार्गे (फाइल नुसती पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरमार्गे) जाते, पण कूटबद्ध असल्याने रिलेला ऐकता येत नाही. टॉरेंटवर एकदा सार्वजनिक झालेली ओवी परत घेता येत नाही; त्या आजींनी आवाज तुमच्या हाती विश्वासाने दिला आहे, तेव्हा तो सर्वांसाठी खुला करण्याआधी त्यांना पुन्हा विचारा.