व्हिसा १९ दिवसांत संपतोय, अपॉइंटमेंट मेमधली: ‘पत्र येईल’वर विसंबू नकोस

तुझी पोस्ट काल रात्री वाचली. सप्टेंबरअखेर जर्मनीत आलीस, ६ महिन्यांचा व्हिसा १९ दिवसांनी संपतोय, आउसलेंडरबेहोर्डेची (परदेशी नागरिकांचे परवाने देणारी कचेरी) पुढची मोकळी वेळ थेट मेमध्ये आहे, त्याच महिन्यात नाशिकला बहिणीचं लग्न आहे, आणि खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ‘काळजी करू नका, पत्र येईल.’ त्या शेवटच्या वाक्याला पोटात गोळा आला. मला या देशात सगळ्यात महाग पडलेलं वाक्य शब्दशः हेच. शहर वेगळं, कचेरी वेगळी, नाव घेत नाही.

आधी सांगून ठेवते, मी वकील नाही. एकाच कायद्याची अंमलबजावणी इथे शहरागणिक बदलते, त्यामुळे तुझ्या कचेरीची वेबसाइट आणि विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस यांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), विमा, बँक हे तू केलेलंच असणार, त्यात शिरत नाही.

मुद्दा एकच आहे. अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. वास्तव्याच्या कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४ असं सांगतं की मुदत संपायच्या आत परवान्याचा अर्ज केला असेल, तर कचेरीचा निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरलं जातं. तुझ्या डी व्हिसालाही, म्हणजे लांब मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसालाही, हे लागू आहे. ९० दिवसांच्या पर्यटक व्हिसाला नाही. म्हणजे कचेरीने ४ महिने लावले तरी तू कायदेशीरच राहतेस. फक्त अर्ज मुदतीच्या आत त्यांच्या हातात पडला हे तुला दाखवता आलं पाहिजे. काही शहरं ऑनलाइन वेळ घेण्यालाच अर्ज मानतात आणि तसं पुष्टीच्या ईमेलमध्ये लिहितात. तुझ्या ईमेलमध्ये ते वाक्य नसेल तर अर्ज झालेला नाही असंच समज.

आणि खिडकीवरचं बोलणं? त्याची नोंद कुठेच नसते. आपली सवय अशी की तहसील कचेरीत जाऊन साहेबांना भेटलो, ‘होऊन जाईल’ ऐकलं, की निम्मं काम झालं. इथे भेटीला शून्य किंमत आहे. त्या बाई खोटं बोलल्या असं नाही, त्यांच्या डोक्यात बहुधा होतं, ‘तुमचा अर्ज आलेला असेल तर पत्र येईल.’ पण फाइलच उघडलेली नसेल तर पत्र कशावरून येणार? मग मुदत उलटते आणि एक दोरा ओढला की सगळं उसवतं. ‘चालू आहे असं धरणं’ आपोआप मिळत नाही, विद्यापीठातली हीवीची, म्हणजे विद्यार्थी-सहायकाची, नोकरी पहिली थांबते कारण मनुष्यबळ विभागाला वैध कागद लागतो, आणि भारतात जाणं विसरायचं, कारण परत येताना दाखवायला काही नसतं. उशीर होऊनच गेला तर त्याच कलमात एक पळवाट आहे. विनाकारण जाच होत असेल तर कचेरी जुना परवाना पुढे चालू ठेवू शकते. पण ते त्यांच्या मर्जीवर, हक्काने नव्हे. तुझ्याकडे १९ दिवस आहेत, तिथवर जाऊच नकोस.

तर या आठवड्यात अर्ज पाठव, आणि एका नाही, दोन वाटांनी.

पहिली वाट कचेरीचा ऑनलाइन फॉर्म. तो नसेल तर त्यांच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल. विषयाच्या ओळीत ‘वास्तव्य परवाना मिळण्यासाठी अर्ज, कलम १६ब’ (शिक्षणासाठीच्या परवान्याचं कलम) हे जर्मनमध्ये, पुढे पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि व्हिसा कधी संपतो ती तारीख. जर्मन शब्द त्यांच्याच फॉर्मवरून जसेच्या तसे उचल, भाषांतराच्या ॲपवरून नको. मजकूर चार ओळींचा पुरे: मी अर्ज करत आहे, कागद जोडले आहेत, मेमधली अमुक तारखेची वेळ घेतली आहे, अर्ज मिळाल्याची पोच आणि फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग (जुना परवाना चालू असल्याचा कागद) द्यावं. लग्न, बहीण, आई आजारी, यातलं काही लिहू नकोस. प्रवासाची तारीख मात्र लिही, कारण निकडीच्या प्रकरणांचा गठ्ठा काही ठिकाणी वेगळा असतो.

दुसरी वाट कागदाची. तोच अर्ज छापून, शाईने सही करून आइनश्राइबनने, म्हणजे रजिस्टर्ड पोस्टाने. त्यात दोन प्रकार असतात. मला ‘आइनवुर्फ’वाला बरा वाटतो, त्यात पोस्टमन पेटीत टाकल्याची नोंद करतो आणि सहीला कोणी नव्हतं म्हणून पत्र परत फिरत नाही. पोस्टावर भरवसा नसेल तर कचेरीच्या दारातल्या पेटीत मैत्रिणीला सोबत घेऊन टाक. पाकिटात काय आहे ते तिने आधी पाहिलेलं असावं, फोटोत तारीख-वेळ यावी. हसू नकोस, पण फॅक्सही चालतो, आणि फॅक्सच्या पोचकागदावर पहिल्या पानाची छोटी प्रत छापून येते. पुरावा म्हणून तो कागद सोन्याचा आहे.

जोडायचे कागद: पासपोर्टच्या फोटोच्या आणि व्हिसाच्या पानाची प्रत, चालू सेमिस्टरचं इमाट्रिकुलेशन (विद्यापीठात नाव असल्याचं प्रमाणपत्र), विमा कंपनीचं पत्र, राहत्या पत्त्याची नोंद आणि घरभाड्याचा करार, पैशाचा पुरावा. शेवटच्यात लोक अडकतात. महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४, हा आकडा व्हिसाच्या वेळी एकदा दाखवून संपत नाही. आता खात्यात राहिलेत निम्मे, आणि परवाना मागतेस एक-दोन वर्षांचा, तर ते पुढच्या काळाचे पैसे विचारणार. हीवीचा करार आणि पगाराच्या स्लिपा असतील तर जोड. एखादा कागद अजून हातात नसेल तर ‘नंतर पाठवते’ असं लिहून अर्ज आजच धाड. अपुरा अर्ज हा अर्जच असतो. फाइल पूर्ण होण्याची वाट बघत मुदत घालवणं हा मूर्खपणा हुशार मुलंच जास्त करतात.

आता लग्न. फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग म्हणजे ‘अर्ज आलाय, जुना परवाना चालू आहे’ असं सांगणारा कागद, फी १३ युरो. तो हातात आला की पहिलं काम, आत कोणतं पोटकलम लिहिलंय ते वाचायचं. पोटकलम ४ हवं. जुन्या छापील फॉर्मवर ती तिसरी चौकट. त्यावर बाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ असेल तर जर्मनीत राहता येतं, पण एकदा बाहेर पडलीस की त्यावर परत आत येता येत नाही. चुकीच्या चौकटीत खूण होऊ शकते, म्हणून खिडकी सोडायच्या आत बघ. संपलेल्या व्हिसाचा पासपोर्ट आणि हा कागद जोडीनेच दाखवायचा. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच्या माणसाने असा कागद आयुष्यात पाहिलेला नसण्याची शक्यता भरपूर, म्हणून तासभर जास्त हातात ठेव. शक्यतो थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं विमान घे, मधल्या देशात तिसऱ्याच कोणाला हे समजावत बसायला नको. आणि कागद हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नकोस. काढलं असशील तर आता काय बोलणार.

परवान्याच्या प्लास्टिकच्या कार्डाची वाट मेपर्यंत बघू नकोसच. बोटांचे ठसे दिल्यावर ते बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येतं आणि त्याला आणखी काही आठवडे जातात.

पोच आली नाही तर? दर १० दिवसांनी त्याच ईमेलला उत्तर देत एक ओळ, नवीन ईमेल नाही. इंटरनॅशनल ऑफिसला सीसी. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी परिषदेकडे, आस्टाकडे, फुकट कायदेशीर सल्ला असतो. तिथल्या वकिलाच्या एका पत्राने जे हलतं ते आपल्या वीस ईमेलांनी हलत नाही. ३ महिने कचेरीने काहीच केलं नाही तर निष्क्रियतेबद्दल कोर्टात जाण्याची तरतूद आहे. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही, पण तरतूद आहे एवढं माहीत असलं की ईमेलची भाषा आपोआप ताठ होते.

एक आडवाटेचं, पण तितकंच महत्त्वाचं: टपालपेटीवर तुझं आडनाव आहे ना? आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आणि त्याच्या वर आडनाव. घरात सगळे आपल्याला पहिल्या नावाने ओळखतात म्हणून पेटीवर तेच चिकटवलं जातं. सरकारी पाकिटावर आडनाव असतं, पेटीवर ते दिसलं नाही की पोस्टमन पत्र परत पाठवतो. घंटी वाजवून ‘ताई, हे तुमचं का?’ विचारणारा आपला पोस्टमन नाही तो. कचेरीचं साधं पत्र पोस्टात पडल्यापासून चौथ्या दिवशी तुला मिळालं असं २०२५ पासून धरलं जातं आणि मुदती तिथून मोजल्या जातात. आडनावाची चिठ्ठी आजच लाव.

पोस्टच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘इथे कोणी बोलत नाही, खूप एकटं वाटतं.’ खाली चार जण ‘जर्मन थंडच असतात’ म्हणून मोकळे झाले. मला ते पटत नाही. इथेही घोळ तोच आहे, तोंडी आणि ठरलेलं यातला. आपण ‘ये ना कधीतरी घरी’ म्हणतो आणि पाहुणा येतो. इथे ‘कधीतरी’ म्हणजे नाही. ‘गुरुवारी ७ वाजता मी पोहे करणार आहे, येतेस?’ असं विचार, मग बघ. ७ म्हणजे ७. सव्वासातचं स्वातंत्र्य फक्त विद्यापीठाच्या वेळापत्रकात, जिथे वेळेपुढे सी. टी., म्हणजे पाव तास उशिरा सुरू, असं लिहिलेलं असतं. तिने डायरी काढून ‘दोन आठवड्यांनी जमेल’ म्हटलं तर तो नकार नाही, ती येणार.

ओळखी वर्गात होत नाहीत, लेक्चर संपलं की सगळे पांगतात. त्या होतात दर आठवड्याला त्याच वेळी तीच माणसं भेटतात तिथे. सेमिस्टरच्या सुरुवातीला होखशूलश्पोर्टची, म्हणजे विद्यापीठाच्या खेळांच्या वर्गांची, नोंदणी उघडते, चांगले वर्ग काही मिनिटांत भरतात, अलार्म लाव. गायनवृंद, बॅडमिंटन, काहीही चालेल, फक्त जिथे इंग्रजी कमी असेल असं. मराठी मुलींचं घर मिळत असेल तर पहिले सहा महिने सुख आहे, वरण-भात आहे, गणपतीत मंडळ आहे. दोन वर्षांनी जर्मन ए-वनवरच, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, अडकलेली असते आणि नोकरीच्या मुलाखतीत ते दिसतं. हे माझं मत, यावर इथे भांडणं झालेली आहेत. आणि डिसेंबर-जानेवारीत नुसतंच अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं असं असेल, तर ते लपवू नकोस. हाम्बुर्गकडे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. श्टुडिएरेंडनवेर्कचं (विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणारी संस्था) समुपदेशन बहुतेक ठिकाणी फुकट असतं आणि बऱ्याच जागी इंग्रजीतही. त्याचा परवान्याशी काही संबंध नाही.

स्वयंपाकाबद्दल सहनिवासी कुरकुरतात म्हणालीस. फोडणीचा धूर बाहेर काढायला स्वयंपाकघराचं दार कधीच उघडू नकोस, खिडकी उघड. वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधला धूरसूचक अग्निशमन दलाला जोडलेला असू शकतो आणि विनाकारण बंब आला तर बिल तुझ्या नावावर येऊ शकतं. एरवीही सकाळ-संध्याकाळ ५ ते १० मिनिटं खिडकी सताड उघडून हीटर बंद. किलकिली खिडकी दिवसभर ठेवून उपयोग नाही, उलट भिंत गार पडते आणि कोपऱ्यात बुरशी धरते, मग डिपॉझिटमधून कापतात.

लग्नाहून परतताना साजूक तूप आणि पेढे आणू नकोस. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. गोडा मसाला, पापड, बाकरवडी बिनधास्त आण, मसाला दुहेरी पिशवीत.