मावशीच्या हातातला तो फॉर्म

(बार्शीची एक विद्यार्थिनी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. मावशीच्या केमोसाठी ती मुंबईला सोबत गेली होती. तिथे एक ताई "गेल्या आठवड्यात थकवा जाणवला का?" असं विचारत आकड्यांना गोल करत होत्या. हे काम कुणाचं आणि त्यासाठी काय शिकायचं, असं ती विचारते. वडील म्हणतात, "फॉर्म भरायला संख्याशास्त्र कशाला?")

तुझ्या वर्णनावरून तो फॉर्म ईओआरटीसीचा क्यूएलक्यू-सी३० असावा. ईओआरटीसी ही युरोपातली कर्करोग संशोधनाची संस्था, आणि हा फॉर्म म्हणजे रुग्णाला रोजचं जगणं कसं जातंय हे विचारणारी तिची प्रश्नावली. 1993 साली प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली, 30 प्रश्नांची, मराठीतही आहे. बहुतेक उत्तरं 1 ते 4 मध्ये, 'अजिबात नाही' पासून 'खूप' पर्यंत.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येते. थकव्याबद्दल त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत: आराम करावा लागला का, अशक्त वाटलं का, दमल्यासारखं झालं का. मावशीने 2, 3, 3 अशी उत्तरं दिली, तर सरासरी 2.67. त्यातून 1 वजा करायचा, 3 ने भागायचं, 100 ने गुणायचं. आले साधारण 56. लक्षणाच्या मोजपट्टीवर आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त, पण चालणं-फिरणं, कामं करणं यांच्या मोजपट्टीवर आकडा जास्त म्हणजे तब्येत बरी. नवी मुलं दोन्हींची एकत्र सरासरी काढून मोकळी होतात! शिवाय तब्येत फार बिघडलेले रुग्ण फॉर्मच भरत नाहीत. उरलेल्यांवरून 'उपचाराने बरं वाटलं' असं लिहायचं का? इथे संख्याशास्त्र लागतं.

पण आकड्याच्या आधी माणूस येतो. आपल्याकडे "कसं वाटतंय?" म्हटलं की "बरं आहे" हेच उत्तर. तोंड आलेलं असतं, दोन दिवस पेज सोडून काही गेलेलं नसतं, तरी "बरं आहे". किंवा शेजारी बसलेला मुलगाच परस्पर सांगून टाकतो. उपचाराबद्दल समाधानी आहात का, हे तर त्याहून अवघड. ज्या सिस्टरने सकाळी सलाइन लावलं, तिनेच दुपारी हा प्रश्न विचारला, तर कोण "नाही" म्हणणार? समाधानाच्या आकड्यांकडे मी म्हणूनच जरा संशयाने बघते. ते कुणी आणि कुठे बसून विचारले, हे आधी पाहावं.

त्रास वेळेवर कळण्याने किती फरक पडतो बघ. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात 766 रुग्णांवर एक अभ्यास झाला, कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांवर. काहींनी आपली लक्षणं टॅबलेटवर नोंदवायची आणि त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. बाकीच्यांची नेहमीची तपासणी. 2017 साली निकाल आला: लक्षणं नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 31.2 महिने, इतरांचं 26.

त्या ताई बहुधा क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासाचं रोजचं काम सांभाळणाऱ्या, असाव्यात. ही नोकरी बरेचदा प्रकल्पापुरती, करारावरची असते, हे घरी आधीच सांगून ठेव. संख्याशास्त्र तुझ्या हातात आहे, तेव्हा मी जैवसांख्यिकीकडे, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांच्या संख्याशास्त्राकडे, जा म्हणेन. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिथे जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्र एकत्र शिकवतात. नाहीतर संख्याशास्त्रात एमएस्सी कर आणि जोडीला 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शीक, ते फुकट आहे. 'सहा महिन्यांत क्लिनिकल रिसर्च, नोकरीची हमी' वाल्यांना एवढ्यात पैसे भरू नकोस. त्यांच्याकडून नोकरी लागलेल्या दोघांचे फोन नंबर माग, पुढचं आपोआप कळेल.

तू बार्शीचीच आहेस, तर गावातलं कर्करोग रुग्णालय बघून ये. ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी, म्हणजे कुणाला कुठला कर्करोग झाला याची नोंद, तिथे 1987 पासून चालू आहे. सुट्टीत नोंदणीच्या कामात हात लावू देतात का, विचार.

आणि मावशी जरा निवांत असेल तेव्हा, आसपास कुणी नसताना, तिला विचार: त्या दिवशी कुठल्या प्रश्नाला तू खरं सांगितलं नाहीस? ती सांगेल ते मला कळव.